माझ्या नावावरचं विमान

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमान धानाच्या बांधीत उलटलं. मनोहरदादाचा पाय मोडला. मोठी आई खुर्चीवर बसून बघत होती. मी तिच्या बाजूला उभा होतो.

एवढं अड्याळमध्ये कोणालाही विचारा, सांगेल. त्याच्या मागचं आणि पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलीला नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. ते दोघेही आता गेले. म्हणजे बघा, ऐकणारं कोणी उरलं नाही तेव्हा मी लिहायला बसलो आहे. असा माणूस आहे मी. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्याविषयी काही बरं समजून घेणार नाही.

तुम्ही म्हणाल, विमान? भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांधीत? हो. लहानसं होतं, पांढरं, दोन माणसं बसतील एवढं. आणि ते माझ्या नावावर होतं.

मी पवनीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मनोहरदादा माझा चुलतभाऊ. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. त्यांचा तो एकुलता एक. इंजिनियर होऊन कॅनडाला गेला, तिकडेच राहिला, तिकडचंच नागरिकत्व घेतलं. लग्न केलं, ते मोडलं. मूलबाळ नाही. विमान चालवायलाही तो तिकडेच शिकला — इकडे लोक सुट्टीच्या दिवशी मासे धरायला जातात तसा तो म्हणे विमान घेऊन तळ्यांवरून फिरायचा. मोठे बाबा गेले तेव्हा तो क्रियाकर्माला आला, आणि मोठी आई त्याचा हात धरून म्हणाली, "आता कुठी जाऊ नको बापा. लई झालं." तो परत गेला नाही. गेला तो फक्त सामान आवरायला.

पण तो परत आला तो परदेशी म्हणून आला. जन्म अड्याळचा, शाळा अड्याळची, आणि पासपोर्ट परदेशाचा. अशा लोकांना सरकार एक कार्ड देतं. त्या कार्डावर इथं राहता येतं, घर घेता येतं, बँकेत खातं काढता येतं. मत देता येत नाही. शेत विकत घेता येत नाही. बापाचं आलं तर ठेवता येतं. आणि विमान नावावर करता येत नाही. इथं विमानाची नोंद व्हायची तर मालक इथला नागरिक लागतो. हा नियम मला कसा ठाऊक? मीच वाचला होता. नियम, परिपत्रकं, जोडपत्रं — सगळं वाचून मी दादाला समजावून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे मी एका अधिकाऱ्यासमोर वेगळंच सांगणार आहे.

विमान त्याला हवं होतं ते मोठ्या आईसाठी. तिचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठलं, लोक नव्या वसाहतीत गेले, तिचे भाऊही तिथेच वारले. तिला त्या वसाहतीत नेलं की ती दहा मिनिटांत म्हणायची, चला घरी, हे काही माहं गाव नाही. एकदा दादा सहज म्हणाला, वरून पाहिलं तर जागा ओळखू येईल. नदीचं वळण तेच आहे, टेकडी तीच आहे. मोठी आई हसली. "पाण्याखाली का दिसन रे?" तो म्हणाला, "जागा तर दिसन." तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं. कोणी पाहुणा आला की सांगायची, मनू मले माहेरी नेणार हाय, वरून.

दादाला एक साधा मार्ग दिसत होता. ओळखीचा कोणी इथला वैमानिक गाठायचा, त्याचं विमान एका दिवसापुरतं मागायचं, आईला एकदा फिरवून आणायचं, संपलं. तो तसंच करणार होता. मीच म्हणालो — "माझ्या नावावर घे ना. मी काय परका आहे?"

हे पहिलं. सगळ्यांना आजही वाटतं की दादानं मला गळ घातली, भोळ्या भावाकडून सह्या घेतल्या. नाही. कल्पना माझी. तो तर उलट मला सावध करत होता. त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण पुढे अनेक वर्षं ते माझ्या कानात खिळ्यासारखे रुतून बसले: "विनू, नाव तुझं लागलं का मालकी बी तुझीच. चांगल्याची तुझी, वाईटाची बी तुझीच. कागद भाऊ-गिऊ काही पाहत नाही."

मी म्हणालो, कळतं मला.

काय कळत होतं? मी का म्हणालो तसं? मोठ्या आईच्या मायेनं? दादावरच्या प्रेमानं? मीही खूप दिवस तसंच समजत होतो. पण खरं सांगतो. माझ्या नावावर काहीच नव्हतं. घर बायकोच्या माहेरच्यांनी घेऊन दिलेलं, तिच्या नावावर. आयुष्यभर हातातून पुस्तकं गेली, एकेकावर कॉलेजचा शिक्का. गावात मला ओळखायचे ते 'पुस्तकवाले सर' म्हणून, तेही कोणाचं पोरगं स्पर्धा परीक्षेला बसलं तर. आणि इथं एक गोष्ट माझ्या नावावर होणार होती, जी पंचक्रोशीत कोणाकडे नव्हती. मला ती हवी होती. विमान नव्हे — नाव.

परवानग्या मिळायला पुष्कळ काळ गेला. गावामागच्या बरडावर, मोठ्या बाबांच्या पडीक जमिनीत, दादानं मुरूम टाकून पट्टी तयार केली. पट्टीच्या टोकाला टिनाची शेड उभारली. इतकी नीट, की मिस्त्रीच त्याला चिडवायचा, भाऊ, यात तर संसार थाटता येते. विमान आलं. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं पूर्ण नाव. मी ते फ्रेम करून शेडमध्ये लावलं. दादा बघून हसला. त्या दिवसापासून तो मला 'मालक' म्हणायला लागला. उडायच्या आधी सलाम ठोकायचा: "काय मालक, वर जाऊन येऊ का? परवानगी हाय ना?"

तो थट्टा करत होता. मी मात्र त्या सलामाची वाट बघायला लागलो होतो.

गावात तर काय, गंमतच. पानठेल्यावर मला ऐकू जाईल असं बोलायचे — "सरले सायकल चालवता येत नाही अन् इमान घेऊन बसले जी!" मला खरंच सायकल येत नाही. मी हसायचो. पण मी एकदाही म्हणालो नाही की विमान माझं नाही, दादाचं आहे, त्याच्या पैशाचं, त्याच्या आईसाठीचं. एकदाही नाही. कोणी विचारलं, सर, हे कायले घेतलं, तर मी म्हणायचो, आवड आहे. आवड! माझ्या तोंडून हा शब्द कसा निघायचा, आठवलं की आजही दातओठ खावेसे वाटतात.

दसरा आला. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडे चाक असलेल्या प्रत्येक गोष्टीची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, धानाची मळणी काढायचं यंत्र — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. विमानाची पूजा बघायला अर्धं गाव बरडावर आलं. पूजा कोण करणार? मालक. मी नवं धोतर नेसून उभा. दादा घरी गेला होता, मोठ्या आईला गाडीत बसवून आणायला.

विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते, समोरच्या वाऱ्याकडे तोंड करून. दादानं मला ती पहिल्याच दिवशी दाखवली होती. "याले कोणी हात लावाचा नाही. हे त्याचं नाक हाय. वारा यातून आत जाते, त्यावरून वेग कळते. नाक बंद झालं का काटा खोटं बोलते." एवढं साधं. मला पाठ होतं. त्या नळीवर तो एक लाल पट्टीचं टोपण घालून ठेवायचा. त्या दिवशी टोपण मीच काढलं होतं — फोटोत बरं दिसावं म्हणून.

मी पंख्याला कुंकू लावलं, नाकाडावर शेंदरानं स्वस्तिक काढलं, चाकांना लावलं, पंखांना लावलं. आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "सर, त्या नळीले राह्यलं जी!"

मी थांबलो. तुम्हाला सांगतो, थांबलो होतो मी. काही उमगलं नाही असं नाही. दादाचे शब्द मला त्या क्षणी आठवले. फक्त म्हणायचं होतं — तिथे लावायचं नाही, दादानं सांगितलंय. पण मालक असं कसं म्हणणार? ज्याचं विमान आहे तो दुसऱ्यानं मनाई केली आहे असं कसं सांगणार? आणि मनाई का, हे कोणी विचारलं असतं तर मला कुठे नीट सांगता आलं असतं? अर्धं गाव बघत होतं. मी ओलं कुंकू घेतलं, नळीच्या तोंडाला बोट टेकवलं, आणि वर चिमूटभर अक्षता दाबल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग दादा मोठ्या आईला घेऊन आला. तिनं विमानाची अलाबला घेतली. नारळ फुटला. मी ते विसरून गेलो — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. संध्याकाळी शेड बंद करताना माझी नजर तिकडे गेली आणि मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मोठी आई माहेरी जाणार होती. वरून. हिरवं नवं लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर शिदोरी — माहेरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं अनारसे बांधून घेतले होते. पट्टीच्या कडेला तिच्यासाठी खुर्ची टाकली. दादा विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासत होता, रोज तपासायचा तशी. नळीपाशी थांबला.

"कोणं लावलं हे?"

तो ओरडला नाही. नुसतं विचारलं. मी चार हातांवर उभा होतो. मी म्हणालो, "पोरांनी लावलं असेल."

त्यानं खिशातून फडकं काढलं, नळीचं तोंड पुसलं, बोटानं चाचपलं. त्याला वाटलं, पोरांनी लावलेलं कुंकू, वरवरचं. मी 'मी लावलं' म्हणालो असतो तर त्यानं पुढचं विचारलं असतं — काय काय लावलं? आणि मी अक्षता म्हणालो असतो, आणि तो म्हणाला असता, मग आज नाही. एवढंच झालं असतं. मोठी आई रुसली असती. गावातल्या दोघाचौघांसमोर माझी फजिती झाली असती. एवढ्यासाठी. मी आजही त्या माणसाला, त्या नव्या धोतरातल्या माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला, कानफटात मारू इच्छितो, आणि माझा हात पोचत नाही.

"आई, आधी मी एकटा एक फेरी मारून येतो," दादा म्हणाला. "मग तुले नेतो." तो नेहमीच आधी एकटा जायचा. त्या सवयीनं ती वाचली. माझ्यामुळे नाही.

तो उडाला. दोन घिरट्या घेतल्या. उतरताना त्याच्यासमोरचा काटा वेग खरा होता त्यापेक्षा कमी दाखवत होता. त्याला वाटलं, वेग कमी पडतोय, म्हणून तो जास्त वेगानं उतरला. पट्टी संपली. पुढे बांध्या — धानानं भरलेल्या, पाणी अडवायला चारी बाजूंनी मातीच्या धुऱ्यांनी बांधलेल्या. पहिल्याच धुऱ्याला चाक अडकलं आणि विमान पालथं झालं. आवाज फार झाला नाही. मोठी आई खुर्चीवरून उठली, मांडीवरचे अनारसे खाली पडले, आणि ती म्हणाली, "मनू." दुसरं काहीच नाही.

लोक धावले. दादाला ओढून काढलं. तो शुद्धीवर होता. त्याला भंडाऱ्याला नेलं. मोठ्या आईला घरी पाठवलं. पोलिसांना फोन झाला, ते निघाले होते. सगळे गाडीच्या मागे गेले, आणि मी विमानापाशी राहिलो. मालक राहतोच ना? कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नळी चिखलाच्या वर होती, आभाळाकडे तोंड करून. मी धानाची एक काडी मोडली आणि आत घातली. दोन दाणे निघाले. एकमेकांना चिकटलेले, कुंकवानं लाल, वाळलेले. आमच्याकडे अक्षता जमिनीवर टाकत नाहीत. पायदळी येतात. लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. मी ते दाणे तोंडात टाकले.

बघा — भाऊ दवाखान्याच्या वाटेवर, आणि मला अक्षता पायदळी येऊ नयेत याची काळजी. की दुसरी काळजी होती? दोन्ही होत्या. आजही मला त्या वेगळ्या करता येत नाहीत. करायच्याही नाहीत. मी ते दाणे चावले आणि गिळले. आणि नळी धोतराच्या सोग्यानं आतबाहेर साफ पुसली.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. सभ्य माणसं होती. त्यातल्या वयस्क अधिकाऱ्यानं मला शेडमध्ये बसवलं, माझ्याच नावाच्या त्या फ्रेमखाली, आणि विचारलं, विमान कोणाचं?

वर्षभर हा प्रश्न मला गावानं विचारला होता आणि वर्षभर मी 'माझं' म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी म्हणालो, "दादाचं."

मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही. मी साधा ग्रंथपाल. मला फक्त सह्या करायला सांगितल्या. परदेशी नागरिकाला विमान नावावर करता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. तो अधिकारी मान हलवत होता, लिहीत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी कणव होती. मला ती कणव गोड लागली. हो, गोड लागली. लिहितो आहे तर सगळंच लिहितो.

मग ते दादाकडे गेले. मी दाराशी उभा होतो. त्याचा पाय वजन लावून टांगलेला. त्याला माझं बोलणं ऐकवलं गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही. आणि म्हणाला, हो, विमान माझंच. याला काही माहीत नव्हतं.

मला या वाक्याचा राग येतो. त्याच्यावर राग येतो. काहून बोलला तो तसं? त्याला माहीत होतं कल्पना कोणाची, नियम कोणी वाचले. एकदा ओरडून म्हणाला असता, विनू, खोटं काहून बोलून राहिला बे — तर मी मोडलो असतो. तिथेच, सगळ्यांसमोर. मला वाटतं, मोडलो असतो. पण माझी नोकरी होती, मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मला वाचवलं, आणि ज्याला वाचवलं तो कोण आहे हे त्याला कळलं नाही. ते गेल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "काटा कमी दाखवत होता, विनू. का मीच नीट पाह्यलं नाही? वय झालं माहं." मी त्याला मोसंबी सोलून देत होतो. मी सोलत राहिलो.

नळी साफ सापडली. दोष वैमानिकाचा ठरला. त्यानंतर तो कधी विमानात चालक म्हणून बसला नाही. मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं की चूक त्याची.

आणि खोटी कागदपत्रं करून मालकी लपवली म्हणून त्याचं कार्ड रद्द झालं. पाय धड बरा झाला नव्हता तोवर त्याला देश सोडावा लागला. निघताना त्यानं मला बजावलं — आईला कार्डाबिर्डाचं काही सांगू नको, पोलिस म्हटलं का ती भिते. मी लवकर काहीतरी करून येतो म्हणून सांग. एवढाच निरोप होता. लवकर येतो.

मी तोही दिला नाही नीट. गावात उठलं होतं, पडला अन् पळाला. मोठ्या आईच्या कानावर गेलं. तिनं मला बोलावलं. चुलीपुढे बसली होती. "काहून गेला रे तो? मले सांगून तरी जाचं होतं." आता सांगा — याहून सोपा प्रश्न कोणता? तो गेला नाही, मोठी आई, त्याला घालवलं. मी घालवलं. आणि हे नाही तर निदान दादाचा निरोप. पण निरोप दिला असता तर तिनं विचारलं असतं, लवकर म्हणजे कधी, अडलं कुठं, कोणं अडवलं. एकातून एक प्रश्न निघाला असता आणि शेवटचा माझ्यापाशी आला असता. मी म्हणालो, "मला काय माहीत, मोठी आई. तिकडचंच वारं लागलेलं त्याला."

तिकडचंच वारं. हे वाक्य मी तयार करून नेलं नव्हतं. आपसूक आलं. इतक्या सहज आलं की मीच दचकलो.

त्यानंतर तिनं त्याचा फोन घेतला नाही. तो दर रविवारी फोन करायचा, माझ्या फोनवर. मी फोन घेऊन तिच्यापाशी जायचो आणि ती हात झटकायची. "सांग त्याले, तुही माय मेली म्हणून." मी बाहेर ओसरीवर येऊन दादाला सांगायचो, झोपली आहे. पुढच्या रविवारी, देवळात गेली आहे. त्याला कळत होतं. "अजून राग हाय का?" विचारायचा. मी म्हणायचो, निवळेल. दोघांच्या मध्ये मी तो फोन धरून उभा, आणि माझ्या एका वाक्यानं ते दोघं बोलले असते. एका वाक्यानं. मी ते वाक्य दर रविवारी गिळलं, जसे ते दाणे गिळले.

ती गेली तेव्हा तो येऊ शकला नाही. वैनगंगेच्या काठी, पवनीला, अग्नी मी दिला. मुलगा म्हणून. गावचे लोक म्हणाले, सरांनी पोटच्या पोरापरीस जास्त केलं. त्याचं विमान माझ्या नावावर, त्याच्या आईला अग्नी माझ्या हातून. मी मडकं खांद्यावर घेऊन फिरलो आणि माझे पाय कापले नाहीत. कापायला हवे होते.

या हिवाळ्यात दादा गेला. तिकडच्या कोणा शेजाऱ्याचा फोन आला. राख तिकडेच कुठल्याशा तळ्यात सोडली. आम्ही इथं शोकसभा घेतली — समाजमंदिरात, फोटो, हार, उदबत्ती. एक जण उठून बोलला, मनोहरभाऊ हुशार होते, पण परदेशात गेलेला माणूस मायले विसरते. सर होते म्हणून म्हातारीले आधार होता. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं असेल?

मी मान हलवली. होकारार्थी. त्याच्या फोटोसमोर.

त्या मानेसाठी हे लिहितो आहे. मी म्हातारा झालो म्हणून नाही, मन हलकं व्हावं म्हणून नाही. हलकं होऊही नये. तुम्ही मला काही म्हणावं असंही नाही. जे म्हणायला हवं होतं ते म्हणणारी दोन माणसं होती, आणि त्यांना मी ते म्हणू दिलं नाही. फक्त शोकसभेत बोलणाऱ्यानं एक चुकीचं सांगितलं. मनोहरदादा आईला विसरला नव्हता. त्याला मी घालवलं, आणि त्याच्या आईला मी सांगितलं की तो आपणहून गेला. अड्याळमध्ये हे कोणी वाचलं तर ज्यानं ज्याला जे सांगायचं ते सांगावं.

बरडावर आता लाखोळी पेरतात. पट्टीचा मुरूम लोकांनी नेला. शेड आहे. आत विमानाचा सांगाडा आहे, एक पंख आणि नाकाड. नाकाडावर मी काढलेलं शेंदराचं स्वस्तिक अजून तसंच आहे. त्यावर पाणी पडलं नाही. शेड दादानं बांधली होती, ती गळत नाही.